घोरणाऱ्याचं लायसन्स

ब्रिटनमध्ये लॉरी शिकायची तर पहिली फेरी ड्रायव्हिंग स्कूलची नसते, डॉक्टरची असते. डी४ नावाचा फॉर्म डॉक्टरनं उमेदवाराला तपासून भरायचा, मग तो डीव्हीएलए या लायसन्स कचेरीकडे जातो, आणि तिथून शिकाऊ परवाना आला की पुढचं सगळं. डोळे, हृदय, मधुमेह, फिट येणं, दारू याबद्दल त्यात विचारलेलं असतं. हे कुणालाही अपेक्षितच वाटेल. पण त्याच फॉर्मात झोपेचाही एक भाग आहे. झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे का? असला तर सौम्य, मध्यम की तीव्र? उपचारानं आटोक्यात आहे का? शेवटची तपासणी कधी झाली?

चाळिशीत धंदा बदलून लॉरीकडे वळणाऱ्या माणसाचं पेन नेमकं या प्रश्नांपाशी अडखळतं. आणि असे वळणारे थोडे नव्हते. २०२१ साली ब्रिटनला ड्रायव्हरांचा तुटवडा असा जाणवला, की त्या वर्षीच्या सप्टेंबरात पेट्रोल पंपांसमोर रांगा लागल्या. पेट्रोल होतं, ते पोचवायला माणसं नव्हती. सरकारनं परदेशी ड्रायव्हरांसाठी पाच हजार तात्पुरते व्हिसा जाहीर केले, परीक्षांचे टप्पेही कमी केले. पूर्वी आधी साध्या लॉरीचा परवाना काढून मगच ट्रेलरचा काढता येई. नोव्हेंबर २०२१पासून थेट ४४ टनी ट्रेलरवाल्या गाडीची परीक्षा देता येऊ लागली. पगार वाढले. गोदामात, दुकानात, कारखान्यात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसांना हा रस्ता दिसू लागला.

अडचण अशी, की ज्या वयात हा रस्ता दिसतो त्याच वयात पोट सुटलेलं असतं, मान जाड झालेली असते आणि बायको दुसऱ्या खोलीत झोपायला लागलेली असते.

घोरण्याबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. दुपारी जेवून ओसरीवर घोरत पडलेला माणूस सुखी समजला जातो, रेल्वेच्या डब्यात घोरणारा हा विनोदाचा विषय होतो आणि घराघरात कुणाला ना कुणाला कुंभकर्ण म्हणतातच. वैद्यकशास्त्राला यातलं गाढ झोपेचं मत मान्य नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशात जागाच मुळात कमी असते, चरबीमुळे किंवा लहान जबड्यामुळे. तिथं श्वासाची वाट अरुंद होते, घोरणं सुरू होतं आणि मग वाट पुरती बंद होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून धक्का देतो, माणूस गुदमरल्यासारखा आवाज करून क्षणभर जागा होतो, श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. आठ तास झोपलो, असंच तो शपथेवर सांगेल.

हेच स्लीप अ‍ॅप्निया. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे असे प्रसंग तासाला पाच ते पंधरा असतील तर सौम्य, पंधरा ते तीस असतील तर मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा तरी कुणीतरी हलवून उठवावं तसं. अशी रात्र काढलेल्या माणसाला सकाळी ४४ टनांचं चाक हातात द्यायचं की नाही, हा डीव्हीएलएपुढचा प्रश्न आहे.

स्लीप अ‍ॅप्निया हा शब्द आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला तो फेब्रुवारी २०२२मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले तेव्हा. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत तो होता. दोन दिवस वाहिन्यांवर चर्चा झाली, मग तो मागे पडला.

उपचाराचा इतिहास मात्र गमतीचा आहे. १९८०पर्यंत गंभीर रोग्यांसाठी खात्रीचा इलाज एकच होता. गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी वेगळा विचार केला. घशाची वाट आत ओढली जाऊन बंद होते ना, मग नाकातून हवेचा हलका दाब देऊन ती उघडी का ठेवू नये? व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीचा पंखा उलटा लावला, नाकावर मुखवटा चिकटवला आणि जून १९८०मध्ये एका रोग्यावर प्रयोग केला. त्याला गळ्याला भोक पाडून घ्यायचं नव्हतं. त्या रात्री तो माणूस खरा झोपला. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रोग्यांवरचा लेख आला आणि सीपॅप या यंत्राचा जन्म झाला. आजचं यंत्र उशीशेजारच्या टेबलावर मावतं, आवाज जवळजवळ करत नाही, पण तत्त्व तेच आहे. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसती हवा.

म्हणूनच डीव्हीएलएचा नियम ‘अ‍ॅप्निया असेल तर लॉरी नाही’ असा नाही. दिवसा पेंग आणणारा मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्निया असेल तर कळवणं बंधनकारक, आणि आटोक्यात येईपर्यंत गाडी बंद. आटोक्यात आल्याचे तीन पुरावे लागतात. श्वास अडणं ताब्यात आलं, दिवसाची झोप गेली आणि उपचार नेमानं चालू आहेत. तज्ज्ञाची साक्ष मिळाली की परवाना मिळतो. मात्र लॉरीवाल्याला दरवर्षी तपासून घ्यावं लागतं. मोटारवाल्याला तीन वर्षांनी चालतं. न कळवल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड, आणि अपघात झाला तर खटला वेगळाच.

पेंग मोजायची कशी? त्यासाठी आठ प्रश्नांची एक पट्टी जगभर वापरतात. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलात डॉ. मरे जॉन्स यांनी ती बनवली आणि १९९१मध्ये प्रसिद्ध केली. बसून वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला गाडी थांबलेली असताना डोळा लागण्याची शक्यता किती, शून्य ते तीन गुण द्या. एकूण चोवीस, दहाच्या वर गेलं तर काळजीचं. पट्टी चांगली आहे, पण ती भरणारा स्वतःच असतो. ज्याची रोजीरोटी उत्तरावर अवलंबून आहे तो सिग्नलवर कधीच पेंगत नाही. हे कुठल्याही देशात खरं आहे.

यंत्राचं तसं नाही. सीपॅप रोज रात्री किती तास चालला, किती वेळा श्वास अडला, मुखवटा कुठून गळला, याची नोंद स्वतःच ठेवतो. डॉक्टर ती नोंद काढून बघतो. रात्री किमान चार तास, आणि दहापैकी सात रात्री, हे नियमितपणाचं बऱ्याच ठिकाणी मानलं जाणारं माप. पहिले पंधरा दिवस बहुतेकांना जड जातात. तोंड कोरडं पडतं, दाढीमुळे मुखवटा नीट बसत नाही, गालावर पट्ट्यांचे वळ उठतात, आरशात बघितलं की आपण लढाऊ विमानात बसायला निघालोय असं वाटतं. कित्येक जण इथंच सोडून देतात. जे टिकतात त्यांच्याकडून ऐकायला मिळतं ते जवळजवळ एकच असतं: इतकी वर्षं आपण थकलेले होतो हेच माहीत नव्हतं.

लॉरीवाल्याची पुढची पायरी केबिनमधली. लांबच्या फेऱ्यांवर तो रात्र गाडीतच काढतो. सीटच्या मागं पलंगाची फळी असते. लॉरीची वीज २४ व्होल्टची. त्यावर यंत्र चालवणारा वेगळा अ‍ॅडॉप्टर मिळतो. हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी मात्र बॅटरी खाते, म्हणून कित्येक जण गाडीत ती बंद ठेवतात. यंत्र फळीवर उशाशी, नळी डोक्यावरून, पडदे ओढलेले, बाहेर दुसऱ्या लॉऱ्यांचे फ्रीज घरघरतायत. यात कौतुकाचं काही नाही. चष्मा लावणारा जसा झोपताना चष्मा काढून ठेवतो, तसा हा मुखवटा चढवतो.

परीक्षांबद्दल फार लिहायची गरज नाही. लेखी प्रश्न शंभर, पैकी पंच्याऐंशी बरोबर हवेत; पडद्यावरचे धोके ओळखायची चाचणी वेगळी; मग मागे घेणं, ट्रेलर जोडणं-सोडणं, रस्त्यावरची परीक्षा, आणि पोटापाण्यासाठी चालवणार असाल तर सीपीसी हे व्यावसायिक प्रमाणपत्र, ज्यासाठी पुढे दर पाच वर्षांत ३५ तास प्रशिक्षण. अ‍ॅप्निया असलेला आणि नसलेला यांना इथं सारखंच तोलतात.

एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. युरोप आणि ब्रिटनमध्ये लॉरीला चालवण्याचे तास नोंदवणारा टॅकोग्राफ असतो. साडेचार तास चाक फिरलं की ४५ मिनिटं थांबा, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा चालतील, रात्री अकरा तास विश्रांती. सगळं कार्डावर उतरतं, लबाडी करणं अवघड. पण टॅकोग्राफ विश्रांती मोजतो, झोप मोजत नाही. अकरा तास फळीवर पडून राहिलेला आणि रात्रभर गुदमरलेला ड्रायव्हर त्याच्या लेखी ताजातवाना असतो. ब्रिटनमध्ये लॉरीला ताशी ५६ मैलांचा, म्हणजे साधारण ९० किलोमीटरचा अटकाव बसवलेला असतो. त्या वेगात चार सेकंद डोळा लागला की गाडी शंभर मीटर आंधळी जाते.

२००६ साली एम६२ मोटरवेवर असंच झालं. वाहतूक तुंबल्यामुळे गाड्या थांबल्या होत्या. मागून आलेली लॉरी त्यांच्यावर गेली आणि एका गाडीतला पंचवीस वर्षांचा तरुण ठार झाला. लॉरी ड्रायव्हरला अ‍ॅप्निया असल्याचं निदान अपघातानंतर झालं. त्या तरुणाच्या घरच्यांनी पुढे ड्रायव्हरांच्या तपासणीसाठी मोहीम चालवली. आज ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२१च्या सूचनांत पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांना तपासणीच्या रांगेत पुढे घ्यावं असं स्पष्ट म्हटलेलं आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण रांगेत उभं राहण्याचा खर्च ड्रायव्हरच करतो. नव्यानं येणाऱ्याला फक्त उशीर होतो. जो आधीच चालवतोय त्याचा पगार बुडतो. मग तो डॉक्टरकडे जातच नाही.

या लपवाछपवीचा हिशेब सगळ्यात नीट अमेरिकेत मांडला गेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००२च्या पाहणीत तिथल्या व्यावसायिक ड्रायव्हरांपैकी सुमारे २८ टक्क्यांना कमी-अधिक अ‍ॅप्निया आढळला. मग श्नायडर या मोठ्या ट्रक कंपनीनं आपल्या ड्रायव्हरांची तपासणी सुरू केली, यंत्रं दिली आणि वापर सक्तीचा केला. मिनेसोटातले अर्थशास्त्रज्ञ स्टीफन बर्क्स आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली ‘स्लीप’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. यंत्र अजिबात न वापरणाऱ्या अ‍ॅप्नियाग्रस्त ड्रायव्हरांकडून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात इतरांच्या पाचपट झाले. जे नेमानं वापरत होते त्यांचं प्रमाण अ‍ॅप्निया नसलेल्यांइतकंच. म्हणजे धोका रोग्याचा नव्हता, उपचार न घेतलेल्या रोग्याचा होता. शिवाय यंत्र नको म्हणून कंपनी सोडणाऱ्याला दुसऱ्या कंपनीत नोकरी धरता येत होती, कारण देशपातळीवर तसा नियमच नव्हता.

नियम येऊ घातला होता. १ डिसेंबर २०१३च्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये मेट्रो-नॉर्थची लोकल ताशी ३० मैलांच्या वळणावर ८२ मैलांनी शिरली आणि रुळावरून उतरली, चौघं गेले. गाडी चालवणाऱ्याला निदान न झालेला अ‍ॅप्निया होता. मार्च २०१६मध्ये अमेरिकी सरकारनं ट्रक आणि रेल्वे चालकांच्या तपासणीचा प्रस्ताव चर्चेला ठेवला. त्याच सप्टेंबरात होबोकेन स्टेशनात एक लोकल बफरवर चढली, एक बाई ठार झाली. चालकाला पुन्हा अ‍ॅप्निया. तरी ऑगस्ट २०१७मध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला.

आणि आपल्याकडे?

मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. झोपेत श्वासाची गडबड साडेएकोणीस टक्के जणांत, आणि त्यासोबत दिवसाची पेंग असलेले साडेसात टक्के. २०२३मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज प्रौढांत अकरा टक्के, पुरुषांत तेरा. माणसांच्या भाषेत दहा कोटींच्या वर. आपल्या चेहऱ्याच्या ठेवणीमुळे युरोपीय माणसापेक्षा कमी वजनावरही हा विकार गाठतो. यातले ट्रकवर किती, ते कुठल्या फॉर्मात शोधायचं?

तो फॉर्म आहे १ए, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधला. व्यावसायिक लायसन्स काढताना आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना डॉक्टरनं तो भरायचा. नजर, लाल-हिरव्याची ओळख, २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येणं, रातांधळेपणा, बहिरेपणा, हातापायांची धडधाकट अवस्था. सोबतच्या फॉर्म १मध्ये ड्रायव्हर स्वतः फिट आणि घेरी याबद्दल सांगतो. झोप हा शब्द कुठेही नाही. आरटीओबाहेरच्या टपरीवर हा दाखला किती मिनिटांत तयार होतो, हे ज्यानं लायसन्स काढलंय त्याला सांगायला नको.

कामाच्या तासांची गोष्टही अशीच. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०२०मध्ये दहा शहरांतल्या बाराशेवर ड्रायव्हरांशी बोलून जे मांडलं त्यात सरासरी दिवसाला बारा तास चालवणं होतं, आणि जवळजवळ निम्म्यांनी कबूल केलं की थकवा आला, झोप आली तरी गाडी थांबत नाही. टॅकोग्राफ नाही. आहे तो शेठचा फोन: कुठं पोचलास?

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. सरळ, गुळगुळीत, वळण कमी, गाव नाही, गाईगुरं नाहीत, हॉर्न नाही. जुन्या रस्त्यावर खड्डे आणि टोलनाकेच ड्रायव्हरला जागं ठेवायचे. नवा रस्ता त्याला अंगाई म्हणतो. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, मोठ्यानं गाणी हे उपाय साध्या थकव्यावर घटकाभर चालतात. रोज रात्री गुदमरणाऱ्यावर ते चालत नाहीत, कारण त्याची झोपेची थकबाकी वर्षानुवर्षांची असते.

यात एक साक्षीदार आपल्याकडे होता, तो आता कमी होत चाललाय. क्लीनर. एकाच केबिनमध्ये झोपणारा हा पोरगा ड्रायव्हरचा श्वास अडलेला सगळ्यात आधी ऐकतो. घोरणं चालू असतं, एकदम थांबतं, शांतता पसरते, मग मोठा घोगरा आचका. घाबरून त्यानं उस्तादाला हलवलं तर शिव्याच मिळतात. भाड्याची तोंडमिळवणी होईना म्हणून मालकांनी क्लीनर कमी केले, आणि एकट्या ड्रायव्हरचं घोरणं ऐकायला कुणी उरलं नाही. घरी महिन्यातून दोन-चार रात्री. तिथं बायको ऐकते, पण ‘थकून आलाय, झोपू दे’ म्हणून गप्प बसते.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. यंत्राला पाच आकडी रक्कम लागते, रात्रभराची तपासणी वेगळी, आणि धाब्यामागं लावलेल्या जुन्या ट्रकच्या उकाड्यात मुखवटा लावून झोपणं हे कागदावर सोपं असतं. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. तरीही खरी अडचण पैशाची नाही, भीतीची आहे. निदान झालं आणि मालकाला कळलं तर चावी दुसऱ्याच्या हातात जाईल. ब्रिटनच्या नियमात कितीही कटकट असली तरी एक वाक्य ठाम आहे: उपचार घे, दाखव, आणि चालव. आपल्याकडे हे वाक्य कुणी लिहूनच ठेवलेलं नाही, त्यामुळे लपवणं हाच ड्रायव्हरला शहाणपणा वाटतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तपासणीच्या सुरुवातीला यंत्रही लागत नाही. मोठ्यानं घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब आहे का, आणि शिंप्याच्या टेपनं मोजलेला मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या पुढे आहे का. कॅनडात बनलेल्या, जगभर वापरात असलेल्या स्टॉप-बँग प्रश्नावलीतले हे काही प्रश्न. वजन, वय आणि लिंग धरून एकूण आठ. दोन मिनिटांचं काम. डोळे तपासायच्या शिबिरात एक टेप आणि एक कागद वाढवला तर नजरेसोबत झोपही तपासून होते.

फॉर्म १एमध्ये या ओळी घालायला संसदेत कायदा करावा लागत नाही. तो नियमांचा भाग आहे आणि नियम केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं बदलतात. ट्रकच्या केबिनमधला एसी तसाच आला.